पुण्याचे नभोवाणी केंद्र आणि शेतकरी

पाऊस, रोग आणि बाजारभाव या तीन गोष्टींची वार्ता वेळेवर मिळणे हे शेतकऱ्याच्या दृष्टीने बियाण्याइतकेच मोलाचे आहे. कांदा काढून शेतात पडला असता पाऊस येणार हे आदल्या दिवशी कळले तर तो आडोशास नेता येतो. दुसऱ्या दिवशी कळले तर त्या वार्तेचा काही उपयोग नाही. पूर्वी ही वार्ता बाजारच्या दिवशी तोंडोतोंडी मिळे, अथवा आठवड्याने येणाऱ्या छापील पत्रातून मिळे. ती त्याच दिवशी, त्याच घटकेस, वाचता येणाऱ्यास व न येणाऱ्यास सारखीच पोचविण्याचे काम आपल्या भागात प्रथम नभोवाणीने केले. पुणे व त्याच्या आसपासच्या जिल्ह्यांपुरते बोलावयाचे तर ते पुण्याच्या आकाशवाणी केंद्राने केले.

या केंद्राची हकीकत आमच्या वाचकांपुढे ठेवण्याचे कारण केवळ जुन्या गोष्टींची आवड हे नव्हे. या केंद्राच्या आरंभीच्या काळात, सन १९५६ मध्ये, आपल्याच भागातील दीडशे खेड्यांत असा एक प्रयोग झाला की, त्याची दखल जगातील अनेक देशांनी घेतली. तो प्रयोग शेतकऱ्यांनी यशस्वी केला होता आणि त्यातून निघालेला धडाही शेतकऱ्यांसाठीच होता. आज तो आपल्याच गावांतून विसरला गेला आहे. तो पुन्हा स्मरणात यावा आणि त्याचा उपयोग व्हावा, एवढाच आमचा हेतू आहे.

पुणे केंद्रापूर्वीचा काळ

आपल्या प्रांतात नभोवाणीचा नियमित आरंभ २३ जुलै १९२७ रोजी मुंबईस झाला. इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनी नावाच्या खाजगी मंडळीने हे केंद्र काढले व त्याचे उद्घाटन त्या वेळचे व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांनी केले. यंत्राची शक्ती अवघी दीड किलोवॅट होती. तेव्हा मुंबई शहर व त्याच्या लगतचा मुलूख यांपलीकडे त्याचा आवाज भरवशाने पोचत नसे. पुणे तेथून सव्वाशे किलोमीटर, आणि मध्ये सह्याद्रीची भिंत. घाटावरच्या खेड्यांचा तर विचारच नको.

या कंपनीचा हिशेब पाहण्यासारखा आहे. यंत्र बाळगणाऱ्याने सरकारास वर्षाला दहा रुपये परवाना-फी द्यावयाची व त्यातील बहुतेक भाग कंपनीस मिळावयाचा, अशी व्यवस्था होती. परंतु १९३० सालापर्यंत सगळ्या हिंदुस्थानात परवान्यांची संख्या आठ हजारांच्या आतच राहिली. ऐकणारे थोडे म्हणून उत्पन्न थोडे. उत्पन्न थोडे म्हणून कार्यक्रम थोडे. आणि कार्यक्रम थोडे म्हणून नवे ऐकणारे येत नाहीत, असा हा फेरा झाला. १ मार्च १९३० रोजी कंपनीचे दिवाळे निघाले आणि १ एप्रिलपासून सरकारने तो कारभार आपल्या हाती घेतला. सरकारनेही १९३१ च्या ऑक्टोबरात तो बंद करण्याचे ठरविले होते. परंतु लोकांनी ओरड केल्यावर महिन्या-दीड महिन्यात तो विचार सोडून द्यावा लागला. जून १९३६ मध्ये या खात्यास 'ऑल इंडिया रेडिओ' हे नाव मिळाले. 'आकाशवाणी' हे नाव प्रथम म्हैसूर येथील एका लहानशा केंद्राने १९३५ साली घेतले होते. तेच पुढे १९५७ पासून साऱ्या देशात रूढ करण्यात आले.

१९४७ साली देश स्वतंत्र झाला तेव्हा आपल्या वाट्यास सहा केंद्रे आली: दिल्ली, मुंबई, कलकत्ता, मद्रास, त्रिचनापल्ली व लखनौ. त्यांचा आवाज देशाच्या अडीच टक्के भूभागावर व अकरा टक्के लोकांपर्यंत पोचे. याचा अर्थ असा की, जमीन कसणारा जो वर्ग, तो जवळजवळ सगळाच या सोयीबाहेर होता. त्यातच विजेची सोय असलेली खेडी त्या साली देशभरात सुमारे दीड हजारच होती. खेड्यात यंत्र न्यावयाचे तर ते बॅटरीवर चालणारे पाहिजे. त्या काळची काचेच्या नळ्यांची यंत्रे बॅटरी भराभर खात, आणि बॅटरी उतरली म्हणजे ती तालुक्याच्या गावी न्यावी लागे. नगदी पिकाचा पैसा हाती असणाऱ्या बागाईतदारासही हा खर्च जड वाटे. मग जिराईत शेतकऱ्याची गोष्ट काय सांगावी?

केंद्राची स्थापना

स्वातंत्र्यानंतर नवी केंद्रे काढण्याचे धोरण ठरले. आपल्या भाषेच्या मुलखात प्रथम जुलै १९४८ मध्ये नागपूर केंद्र सुरू झाले आणि त्यानंतर गांधीजयंतीच्या दिवशी, २ ऑक्टोबर १९५३ रोजी, पुणे केंद्राचा आरंभ झाला. मुंबई केंद्रास मराठी, गुजराती, इंग्रजी अशा अनेक भाषांची सोय पाहावी लागे, व ऐकणारा वर्गही मुख्यतः शहरचा. पुण्याचे केंद्र मात्र प्रथमपासून मराठी बोलणाऱ्या मुलखासाठी होते आणि त्या मुलखात शहरांपेक्षा खेडी कितीतरी पटींनी अधिक होती. म्हणून शेतकी व ग्रामीण कार्यक्रम हा येथे दैनंदिन क्रमाचा भाग झाला. माणदेशातील माणसांचे चित्रण करणारे प्रसिद्ध लेखक व्यंकटेश माडगूळकर हे १९५५ पासून पुढे अनेक वर्षे याच केंद्राच्या ग्रामीण विभागात होते. ज्याने दुष्काळी गावचा बांध पाहिला आहे अशा माणसाच्या हाती हे काम आले, ही शेतकऱ्यांच्या दृष्टीने भाग्याची गोष्ट म्हटली पाहिजे. कारण शेतकऱ्याशी बोलावयाचे तर त्याच्या बोलीचा कान असावा लागतो.

हे केंद्र ७९२ किलोहर्ट्झ या कंपनसंख्येवर ऐकू येणारे म्हणून लोकांस परिचित झाले. या आकड्याचा अर्थ पुष्कळांस ठाऊक नसतो. म्हणून तो थोडक्यात सांगतो.

मध्यम लहर म्हणजे काय?

मनुष्याचा आवाज हवेतून फार तर हाकेच्या टप्प्यापर्यंत जातो. तो शंभर किलोमीटर न्यावयाचा तर त्यास वाहन पाहिजे. नभोवाणीत हे वाहन म्हणजे विजेची लहर होय. पुणे केंद्राची लहर एका सेकंदात ७,९२,००० वेळा वर-खाली होते. हीच तिची कंपनसंख्या. लहरीचा वेग प्रकाशाइतका, म्हणजे सेकंदास सुमारे तीन लाख किलोमीटर. त्यास या आकड्याने भागले असता एका लहरीची लांबी सुमारे ३७८ मीटर निघते. शंभर मीटरांच्या वरच्या व सहाशे मीटरांच्या आतील अशा लहरींस स्थूलमानाने मध्यम लहरी म्हणतात.

या वाहनावर आवाजाचे ओझे चढविण्याच्या दोन रीती आहेत. एकीत आवाजाच्या चढउताराप्रमाणे लहरीची उंची कमी-अधिक करतात. हीस 'एएम' म्हणतात. दुसरीत उंची कायम ठेवून कंपनसंख्या किंचित कमी-अधिक करतात, ही 'एफएम'. दुसऱ्या रीतीने येणारा आवाज अधिक स्वच्छ असतो, परंतु ती ज्या आखूड लहरींवर चालते त्या जवळजवळ सरळ रेषेत जातात. मध्ये डोंगर आला की पलीकडचे गाव आवाजास मुकते. मध्यम लहर मात्र जमिनीस धरून चालते. टेकाडे ओलांडते व दरीतही उतरते. मावळातील, पुरंदरच्या डोंगरातील किंवा कऱ्हेच्या काठच्या गावांस पुणे केंद्र ऐकू आले ते या गुणामुळे.

शेतकऱ्यास नवल वाटेल अशी आणखी एक गोष्ट आहे. मध्यम लहर किती दूर जाईल हे जमिनीच्या जातीवर अवलंबून असते. ओल धरणाऱ्या काळ्या जमिनीवरून ती सुखाने जाते. कोरड्या मुरमाड व खडकाळ जमिनीवर ती लवकर थकते. म्हणून प्रक्षेपणाचा मनोरा शक्य तेथे ओलसर व सखल जागी उभारतात आणि त्याच्या बुंध्याभोवती, झाडाची मुळे पसरावीत त्याप्रमाणे, तांब्याच्या तारा जमिनीत चोहोकडे पुरतात. मनोरा साधारणपणे लहरीच्या एक चतुर्थांश लांबीइतका उंच असला म्हणजे उत्तम काम देतो. ३७८ मीटरांच्या लहरीस हा हिशेब सुमारे ९५ मीटरांचा येतो. पुणे-सोलापूर रस्त्यावर हडपसरजवळ केंद्राची प्रक्षेपणाची जागा आहे. तेथील थांब्यास लोकांनी 'आकाशवाणी' हेच नाव दिले आहे.

रात्री आणखी एक चमत्कार घडतो. पृथ्वीभोवती फार उंचावर विद्युत्भारित हवेचे थर आहेत. त्यांतील खालचा थर दिवसा वर जाणारी मध्यम लहर गिळून टाकतो. सूर्य मावळल्यावर तो थर विरतो व लहर वरच्या थरावर आपटून दूरवर जमिनीवर उतरते. म्हणून रात्री शेकडो कोसांवरची केंद्रे ऐकू येतात. पण त्याचमुळे जवळच्या केंद्राच्या आवाजात परक्या आवाजांची भेसळही होते. वैशाखात दूरवर वीज चमकली की यंत्रात होणारा कडकडाट हाही याच रीतीचा दोष होय. मात्र कित्येक शेतकऱ्यांनी या दोषाचा गुण करून घेतला. कडकडाट वाढू लागला म्हणजे वळीव जवळ आला असे समजून ते खळ्यावरील धान्य झाकून घेत.

हवामानाची वार्ता

पुण्यास केंद्र होण्याचा एक मोठा फायदा असा की, शेतकऱ्यास लागणारे ज्ञान देणाऱ्या मोठ्या संस्था याच शहरात होत्या. हवामानखात्याची मुख्य कचेरी १९२८ साली सिमल्याहून पुण्यास आली. शेतीच्या हवामानाचा अभ्यास करणारा त्या खात्याचा स्वतंत्र विभागही १९३२ मध्ये पुण्यासच स्थापन झाला. पिकांवर ऊन, वारा, दंव व ओल यांचा काय परिणाम होतो याचे शास्त्रशुद्ध मोजमाप आपल्या देशात मुख्यतः येथूनच सुरू झाले. शेतकऱ्यांसाठी वेगळे हवामानपत्रक काढून ते नभोवाणीवरून सांगण्याची पद्धत १९४५ पासून पडली. शिवाय पुण्याचे शेतकी कॉलेज जुने व नामांकित. पुढे राहुरीचे कृषी विद्यापीठ झाले आणि तेथील तज्ज्ञांचीही भर पडली. ज्यांनी संशोधन करावे ते आणि ज्यांनी ते सांगावे ते एकमेकांपासून थोड्याच अंतरावर असावेत, असा योग सर्वत्र नसतो.

कार्यक्रमांचा व्याप शेतीपुरताच नव्हता. रामनवमीच्या दिवशी, १ एप्रिल १९५५ रोजी, या केंद्राने ग. दि. माडगूळकरांचे 'गीतरामायण' सुरू केले. सुधीर फडके यांनी त्यास चाली दिल्या आणि केंद्राचे त्या वेळचे अधिकारी सीताकांत लाड यांच्या प्रेरणेने ही कल्पना आकारास आली. दर आठवड्यास एक याप्रमाणे छप्पन गीते होऊन १९ एप्रिल १९५६ च्या रामनवमीस ती माला पूर्ण झाली. त्या वर्षभरात ज्यांच्या घरी यंत्र होते त्यांच्या ओसरीवर आळी जमत असे. खेड्यातही पुष्कळांनी नभोवाणीचे यंत्र प्रथम पाहिले ते या निमित्ताने, आणि यंत्राभोवती एकत्र बसून ऐकण्याची सवय लोकांस त्यातून लागली. ही सवय पुढील गोष्टीच्या दृष्टीने महत्त्वाची आहे.

सन १९५६ चा प्रयोग

गीतरामायणाचा शेवटचा भाग चालू होता त्याच सुमारास, १९५६ च्या फेब्रुवारी ते एप्रिल या महिन्यांत, पुणे केंद्राने शेतकऱ्यांच्या श्रवण-मंडळांचा प्रयोग केला. युनेस्को या आंतरराष्ट्रीय संस्थेने त्यास साहाय्य दिले. मूळ कल्पना कॅनडातील होती. तेथे १९४१ पासून शेतकऱ्यांची मंडळे नभोवाणी ऐकून चर्चा करीत आणि 'वाचा, ऐका, चर्चा करा, कृती करा' असे त्यांचे ब्रीद होते. आपल्याकडे वाचणारे थोडे, म्हणून पहिला शब्द गळला व 'ऐका, चर्चा करा, कृती करा' असे ब्रीद झाले. त्या वेळच्या मुंबई राज्याच्या पाच मराठी जिल्ह्यांतील सुमारे दीडशे खेडी यासाठी निवडण्यात आली.

व्यवस्था अगदी साधी होती. प्रत्येक गावी वीसएक शेतकऱ्यांचे मंडळ. त्यास एक अध्यक्ष व एक लिहिता-वाचता येणारा चिटणीस. गावी एक सामुदायिक यंत्र. आठवड्यातून दोनदा, सायंकाळी अर्धा तास कार्यक्रम होई. मंडळींनी आधी जमावे, कार्यक्रम ऐकावा व यंत्र बंद झाल्यावर उठून न जाता त्याच विषयावर आपसांत बोलावे. आपल्या गावी ही गोष्ट होण्यासारखी आहे काय? नसल्यास अडचण कोणती? खर्च किती व तो कोणी करावा? चिटणीसाने ही चर्चा टिपून, ज्या शंका उरतील त्या पत्राने केंद्राकडे कळवाव्यात; आणि केंद्राने पुढील कार्यक्रमांतून त्यांची उत्तरे द्यावीत. असे दहा आठवड्यांत वीस कार्यक्रम झाले. शेती व जनावरे, आरोग्य, साक्षरता, ग्रामपंचायत, सहकार असे गावच्या जीवनाचे निरनिराळे विषय त्यांत आले.

येथवर ही एक चांगली योजना झाली. तिचे खरे महत्त्व तिच्या परीक्षेत आहे. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेने ही परीक्षा केली. तिचे प्रमुख पॉल नॉयराथ हे व्हिएन्नात जन्मलेले व अमेरिकेत अध्यापन करणारे समाजशास्त्रज्ञ होते. शेतकीखात्याच्या प्रक्षेत्रावर जशी खताची परीक्षा घेतात, एका वाफ्यास खत घालतात व शेजारचा वाफा तसाच ठेवतात, त्याच रीतीने त्यांनी तीन प्रकारची गावे घेतली. काही गावांत यंत्र होते व मंडळही होते. काही गावांत यंत्र होते, पण मंडळ नव्हते. काही गावांत दोन्ही नव्हते. प्रयोगापूर्वी व प्रयोगानंतर लोकांस तेच प्रश्न विचारून त्यांच्या माहितीत किती भर पडली हे पाहिले.

निकाल असा निघाला. जेथे मंडळ होते तेथे लोकांचे ज्ञान फार मोठ्या प्रमाणात वाढले. जेथे काहीच नव्हते तेथे ते वाढले नाही, आणि त्यात नवल नाही. परंतु जेथे यंत्र होते पण मंडळ नव्हते, तेथेही वाढ नाममात्रच झाली. याकडे आम्ही आमच्या वाचकांचे विशेष लक्ष वेधू इच्छितो. तेच केंद्र, तेच कार्यक्रम, तेच बोलणारे तज्ज्ञ, शेतकरीही त्याच मुलखातील. आणि तरी एका गावात ते ज्ञान रुजले व दुसऱ्यात वरच्यावर वाहून गेले. फरक एवढाच की, एका गावी ऐकल्यावर लोक अर्धा तास बसून बोलले.

याचे कारण शोधण्यास फार दूर जावयास नको. नांगरट केलेल्या शेतात पाऊस मुरतो, कठीण पडीत जमिनीवरून तोच पाऊस वाहून जातो. तज्ज्ञ सांगतो ती गोष्ट सर्वसाधारण असते. आपले शेत मात्र एकच, विशिष्ट असते. 'हे आमच्या हलक्या रानात चालेल काय?' हा प्रश्न कोणीतरी विचारल्यावाचून आणि 'मी करून पाहिले आहे' असे शेजारी बसलेल्या कोणी सांगितल्यावाचून शेतकरी पैसा घालीत नाही, व न घालणेच शहाणपणाचे असते. मंडळाने ही विचारणा करण्याची जागा दिली.

आणि गोष्ट बोलण्यावर थांबली नाही. कोठे विहीर खोदण्याचे ठरले, कोठे जातिवंत वळू विकत घेतला, कोठे लेगहॉर्न कोंबड्या आणल्या, कोठे मालाच्या विक्रीसाठी संस्था निघाली, तर कोठे बालवाडी सुरू झाली. गावातील अशी कामे निवडलेल्या पंचायतीपेक्षा ही मंडळे अधिक झपाट्याने पुढे नेऊ शकत, असेही परीक्षकांस दिसून आले. आकाशवाणीचे त्या वेळचे महासंचालक जगदीशचंद्र माथुर व नॉयराथ यांचा यासंबंधीचा अहवाल युनेस्कोने १९५९ साली प्रसिद्ध केला. त्यानंतर आशिया व आफ्रिका खंडांतील अनेक देशांनी त्याच धर्तीवर मंडळे काढली. आपल्या देशातही १९५९ च्या नोव्हेंबरात ही योजना सर्वत्र लागू झाली.

पुढे काय झाले?

मंडळांची संख्या वाढली, पण त्यांतील जीव कमी होत गेला. प्रयोगाच्या वेळी प्रत्येक पत्राकडे लक्ष देणारे अधिकारी होते, यंत्र बिघडल्यास ते दुरुस्त होत असे, आणि मंडळ जमले की नाही हे कोणी येऊन पाहत असे. हजारो मंडळे झाल्यावर ही देखरेख राहिली नाही. यंत्र बंद पडले की महिनेच्या महिने तसेच पडून राही. पत्रांस उत्तरे येईनात, तेव्हा पत्रेही जाईनात. एका वाफ्यात चांगले आलेले बी हजार एकरांत पेरावयाचे तर मशागतही हजार एकरांची पाहिजे, हे सरकारच्या ध्यानात राहिले नाही. दोष सरकारकडेच होता असेही आम्ही म्हणत नाही. वरून कोणी विचारीनासे झाल्यावर आपण होऊन जमणारी गावे थोडीच निघाली.

यानंतर काळ पालटला. १९६० नंतर नळ्यांच्या यंत्राच्या जागी ट्रान्झिस्टर आला. तो साध्या सेलवर चाले व काखेत मारून मळ्यात नेता येई. सामुदायिक यंत्राची गरज संपली आणि त्याबरोबर एकत्र बसण्याचे निमित्तही संपले. लाभ मात्र निर्विवाद होता. संकरित ज्वारी व संकरित बाजरी ही नवी बियाणी १९६४-६५ च्या सुमारास बाहेर पडली. त्यांची पेरणी, खताची मात्रा, कीड ओळखण्याच्या खुणा या गोष्टी कानावर पडण्याचे सर्वांत स्वस्त साधन नभोवाणी हेच होते. १९६६ पासून आकाशवाणीच्या निवडक केंद्रांवर शेती व गृह असे स्वतंत्र विभाग निघाले. तमिळ मुलखात तर त्रिचनापल्ली केंद्रावरून प्रचार झालेल्या एडीटी-२७ या भाताच्या जातीस शेतकरी 'रेडिओ भात' म्हणू लागले. आपल्या राज्यातही सांगली (१९६३), परभणी (१९६८), जळगाव (१९७६) व रत्नागिरी (१९७७) अशी केंद्रे निघून निरनिराळ्या हवामानाच्या मुलखांस आपापला आवाज मिळाला.

१९७३ मध्ये सिंहगडावरील मनोऱ्यामुळे पुण्यास दूरचित्रवाणी दिसू लागली. पुढील वीस-पंचवीस वर्षांत ती खेड्यातील ओसरीवर आली. त्यामागून एफएम केंद्रे आली व शेवटी भ्रमणध्वनी आला. भ्रमणध्वनीत एफएम ऐकण्याची सोय पुष्कळदा असते. मध्यम लहर ऐकण्याची मात्र नसते. त्यामुळे जुने यंत्र मोडल्यावर नवे घेणारे थोडे. जुनी मध्यम लहरींची यंत्रे चालविण्यास वीज फार लागते, म्हणून देशातील कित्येक ठिकाणी ती बंद करण्यात आली. आकाशवाणीचे कार्यक्रम आता इंटरनेटवरून भ्रमणध्वनीत ऐकता येतात. हा मार्ग सोयीचा खरा. परंतु वादळात मनोरा पडून जाळे बंद झाले असता, ज्या दिवशी वार्तेची सर्वांत अधिक गरज, त्याच दिवशी तो तुटतो. दोन सेलवर चालणारे लहानसे यंत्र अशा वेळी बोलत राहते. म्हणून ज्यांच्या घरी असे यंत्र चालू स्थितीत आहे त्यांनी ते अडगळीत टाकू नये. ते घोंगरे बोलत असेल तर एकदम निकामी समजू नये. मोटारपंपाच्या स्टार्टरपासून व विजेच्या दिव्यांपासून ते दूर न्यावे, आणि जागच्या जागी हळूहळू फिरवून पाहावे. आतील कांडीची बाजू केंद्राकडे नीट आली की आवाज पुष्कळदा सुधारतो.

आम्हांस काय घेता येईल?

आज शेतकऱ्यास माहितीची वाण नाही. किंबहुना ती अति झाली आहे. दिवसातून पन्नास संदेश भ्रमणध्वनीवर येतात. त्यांतील कोणता जाणत्याचा, कोणता औषध विकणाऱ्याचा, आणि कोणता निव्वळ कंडी पिकविणाऱ्याचा, हे ओळखणे कठीण. प्रत्येक जण एकटा वाचतो, एकटा ठरवितो, आणि चुकला तर एकटाच बुडतो. १९५६ च्या परीक्षेत ज्या गावी यंत्र होते पण मंडळ नव्हते, त्या गावासारखी आजची आपली स्थिती आहे. यंत्र प्रत्येकाच्या खिशात आहे. मंडळ कोठेच नाही.

म्हणून आमची सूचना अशी आहे. आपल्या संघाच्या प्रत्येक गावच्या शाखेने दहा-पंधरा शेतकऱ्यांचे मंडळ करावे. आठवड्यातून एक सायंकाळ नेमावी. बाजारचा दिवस सोडून ठेवावी म्हणजे माणसे मोकळी असतात. आकाशवाणीचा शेतकी कार्यक्रम, कृषी विद्यापीठाचे पत्रक किंवा याच मासिकातील एखादा लेख घ्यावा आणि तो सर्वांनी ऐकावा. नंतर निदान अर्धा तास त्यावरच बोलावे. राजकारण व भाऊबंदकी त्या अर्ध्या तासापुरती बाहेर ठेवावी. एकाने वहीत तीन गोष्टी लिहाव्यात: काय ऐकले, आपल्या गावी त्यात अडचण कोणती, आणि कोणी काय करून पाहण्याचे पत्करले. जी शंका सुटणार नाही ती केंद्रास, विद्यापीठास किंवा आमच्याकडे लेखी पाठवावी, व उत्तर येईपर्यंत पाठपुरावा सोडू नये. पुढील हंगामात वही उघडून पाहावी. ज्याने करून पाहिले त्याचा अनुभव, मग तो नफ्याचा असो वा तोट्याचा, सर्वांपुढे सांगावा. तोट्याचा अनुभव सांगण्यास माणसे लाजतात. पण शेजाऱ्याचे पैसे वाचतात ते त्यामुळेच.

यास अनुदान नको, इमारत नको, नवे यंत्रही नको. जुन्या मंडळांचा ऱ्हास झाला तो वरून देखरेख संपली म्हणून. तेव्हा नव्या मंडळांनी ती देखरेख आपणच करावी. शेजारच्या दोन गावांनी वर्षातून दोनदा एकमेकांच्या वह्या पाहाव्यात, एवढे पुरे आहे. ज्या शाखा असे मंडळ सुरू करतील त्यांनी आपल्या वहीतील निवडक नोंदी आम्हांकडे अवश्य पाठवाव्यात. त्यांस या मासिकात आनंदाने जागा देऊ. सत्तर वर्षांपूर्वी आपल्याच जिल्ह्यांतील शेतकऱ्यांनी कंदिलाच्या उजेडात बसून जे करून दाखविले, ते विजेच्या दिव्याखाली बसून आपणांस करता येऊ नये, असे आम्हांस वाटत नाही.